पट्टीबाईंची एकच सायकल

"मुलासाठी बघताय का?"

विक्रेता एवढंच म्हणाला आणि पट्टीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही."

"मग मुलीसाठी?"

"माझ्यासाठी."

विक्रेत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चोपन्न वर्षांची, जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारी बाई, पायात जाड तळव्याचे बूट, कपाळावर आठ्या. त्यानं तोंडभर हसून त्यांना दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि फिकट जांभळ्या रंगाच्या, पुढे टोपली लावलेल्या एका सायकलीसमोर उभं केलं. "ही बघा मॅडम. भाजी आणायला, बागेत चक्कर मारायला एकदम आरामशीर."

"मला रोज जाताना अकरा किलोमीटर डांबर आणि सात किलोमीटर मातीचा बांध तुडवायचाय, तेवढंच परत यायचंय. आठच्या ठोक्याला नदीवर पोचायचंय. या टोपलीत काय नदी भरून आणू?"

विक्रेता हसला. ते हसायचं वाक्य नव्हतं.

"ती तिकडची दाखवा," पट्टीबाईंनी बोट केलं. भिंतीवर वाकड्या हँडलच्या सायकली टांगल्या होत्या. "तसलं हँडल, पण टायर जाड. खाचांचे."

"त्या रेसवाल्यांच्या हो. तुमच्या कंबरेला झेपायचं नाही ते."

"माझ्या कंबरेचं मी बघते. तुम्ही तुमच्या जिभेचं बघा," असं म्हणून पट्टीबाई बाहेर पडल्या. पायरी उतरतानाही त्यांचं तोंड चालूच होतं, आणि समोरून येणारं एक निष्पाप जोडपं उगीचच बाजूला झालं.

आता, नाकावर राग असलेल्या बाया काही कमी नसतात. पण पट्टीबाईंच्या रागाला कारण होतं, आणि ते कारण ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून तो राग आणखी वाढत होता.

पट्टीबाई हे त्यांचं नाव नव्हे. पाण्याच्या खात्यात त्या नदीची पातळी मोजायच्या. नदीच्या काठाला एक काँक्रीटचा खांब आहे, त्यावर आकड्यांची पट्टी ठोकलेली आहे. रोज सकाळी आठला त्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि फोन करून कळवायचं. चाळीस किलोमीटर वर दुसरा एक माणूस त्याच आठच्या ठोक्याला त्याची पट्टी वाचतो. दोन्ही आकडे एका वेळचे असले तरच कळतं, की वरून किती पाणी येतंय आणि खालच्या धरणाचे दरवाजे किती उघडायचे. धरणाखाली दोन्ही काठांना बसक्या घरांची वस्ती आहे. ती माणसं त्या दोन आकड्यांवर विसंबून झोपतात, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. पट्टीबाईंना होता. बावीस वर्षांत त्यांनी एकही आकडा मनानं लिहिला नव्हता.

या बावीस वर्षांत त्यांच्याकडे सायकली दोन. डांबरासाठी धाकट्या भावाची जुनी रेसची सायकल, वाकड्या हँडलची, बोटाएवढ्या टायरची. डांबर संपतं तिथे पंपघर होतं. तिथला पंपवाला भला माणूस, त्याच्या खोलीत त्यांची दुसरी, जाडजूड, सरळ हँडलची सायकल उभी असायची. रेसची आत ठेवायची, जाड बाहेर काढायची आणि बांधाला लागायचं. एखाद्यानं उंबऱ्यावर चपला बदलाव्यात तशी बाई सायकल बदलायची.

मग पंपघरात आपोआप चालणारे पंप आले. पंपवाला निवृत्त झाला, खोलीला कुलूप लागलं आणि दारावर पाटी आली: खाजगी वस्तू ठेवू नयेत. पट्टीबाईंनी तीन अर्ज केले. तिन्हीचं उत्तर एकच, आणि तेही छापील.

मग त्यांनी रेसची सायकल बांधावर घालून पाहिली. आठवड्यात तीन पंक्चर आणि एक वाकलेली रिम. जाड सायकल घरापासून नेऊन पाहिली. डांबरावर ती खेचता खेचता जीव मेटाकुटीला यायचा, आणि बांधावर समोरून वारा आला की सरळ हँडलवर ताठ बसलेली बाई जागच्या जागी पेडल मारायची. एकदा आठ वाजून नऊ मिनिटं झाली, आणि त्यांनी वहीत तेच लिहिलं: आठ-नऊ. आठ लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. पण त्यांनी आठ-नऊ लिहिलं, आणि धाकट्या साहेबांनी लगेच बोलावून घेतलं.

धाकटे साहेब वयानं पट्टीबाईंच्या लेकापेक्षा लहान. बोलणं मात्र मधात बुडवलेलं. "बाई, तुम्ही आमच्यात सगळ्यात सिनियर. आता दगदग कशाला? इथे ऑफिसात टेबल देतो. जीपवाला जाईल नदीवर."

"जीप बांधावर चढत नाही, साहेब. बांध खचेल म्हणून तुम्हीच बंदी घातलीय."

"तो पुलावरून वाचेल."

"पुलावरून?" पट्टीबाईंचा आवाज चढला. "पूल पट्टीपासून अर्धा किलोमीटर लांब आहे. तिथून ती पट्टी काडीएवढी दिसते. तो काय वाचणार, स्वतःचं भविष्य?"

साहेबांनी घसा साफ केला. "हे बघा, नियम असा आहे की तीन वेळा उशीर झाला की फेरी बदलायची. एक झालाय. पुढचं तुमच्या हातात."

म्हणून सायकल. एकच, दोन्ही रस्त्यांची. निवृत्तीला चार वर्षं होती आणि ती चार वर्षं पट्टीबाईंना टेबलामागे बसून काढायची नव्हती. त्याहूनही, पुलावर जीप उभी करून कुणी अंदाजे आकडा ठोकतोय, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

नवरा घरी म्हणाला, "अगं, टेबल देतायत तर घे ना. पंखाही असेल वर." निवृत्त कंपाउंडर, स्वभावानं थंड, आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा पुसून कशाचंच काही न वाटणारा. "संध्याकाळी मानेला आणि मनगटाला मलम चोळायचं माझं काम तरी वाचेल."

"तुम्हाला नको असेल तर माझी मी चोळेन!"

"मानेच्या मागे हात पोचतो का तुझा?"

नव्हता पोचत. म्हणून पट्टीबाई आणखी चिडल्या.

शेवटी त्या गेल्या धाकट्या भावाकडे, त्याच्या सायकलीच्या दुकानात. खरं तर आधी त्याच्याकडेच जायला हवं होतं, कारण सायकलीतलं त्याच्याइतकं त्या गावात कुणालाच कळत नव्हतं. तरुणपणी शर्यती जिंकल्यामुळे सगळे त्याला रेसर म्हणत. पट्टीबाई मात्र त्याला बारक्या म्हणत, आणि तो सहा फुटाला एक इंच कमी होता. आधी न जाण्याचं कारण एवढंच, की बारक्याला ताईची काळजी वाटायची, आणि काळजी वाटली की त्याचे कान बंद व्हायचे.

"सरळ हँडलची घे," तो म्हणाला. हातात चाक, तोंडात तार. "पुढे स्प्रिंग असलेली. बांधावर दणके बसतात."

"दणके सोसवतात. वारा सोसवत नाही. सात किलोमीटर उघडा बांध आहे, वाकायला हवं. शिवाय सरळ हँडलवर हात एकाच जागी राहतात, मनगट भरून येतं. वाकड्यावर वर धरता येतं, पुढे धरता येतं, खाली धरता येतं. तुझ्याच सायकलीवर शिकलेय मी हे."

"मग रेसची घे आणि जरा जाड टायर टाकू."

"किती जाड?"

"बत्तीस मिलिमीटर जाईल."

"बत्तीस म्हणजे माझं बोट! चाळीस हवा. बांधावर गुडघाभर चाकोऱ्या आहेत."

"ताई, असलं मधलंच काहीतरी घेतलं की ते डांबरावर मंद आणि मातीत घसरडं निघतं. आमच्या वेळी रेस म्हणजे रेस होती आणि..."

"मला शर्यत नाही रे जिंकायची! आठला पोचायचंय! तुला एक वाक्य ऐकून घ्यायला काय पोटात दुखतं?"

अर्धा तास दोघं तावातावानं भांडले. दुकानात ट्यूब घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक ट्यूब न घेताच गेलं. अखेर बारक्यानं हात टेकले. वाकड्या हँडलची, जाड टायरची, दोन्ही रस्त्यांवर चालणारी अशी सायकल असते हे त्याला ठाऊक होतंच. त्याला ती फक्त आवडत नव्हती. "बरं बाई. मागवतो."

"माप घेणार नाहीस?"

"तुझं माप?" तो हसला. "ताई, तुझं माप मला पाठ आहे."

सायकल आली. दिसायला फक्कड, गडद हिरवी. पट्टीबाईंनी पहिल्या सकाळी तिच्यावर टांग मारली आणि डांबरावर ती अशी पळाली की त्यांना वाटलं, जमलं. पण पंपघर येईतो खांद्यात कळा सुरू झाल्या. हँडल लांब होतं. खाली वाकून धरायचं तर अंग पुरतं ताणावं लागे, आणि तिथून ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटांची नुसती टोकं पोचत. आपलंच अंग आखडलंय, सवय होईल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. बावीस वर्षं त्या स्वतःला हेच बजावत आल्या होत्या.

चौथ्या दिवशी बांधाच्या उतारावर समोर अचानक म्हैस आली. ब्रेकला बोटं गेली, पण पकड बसली नाही. पट्टीबाई सायकलीसकट झुडपात. गुडघा सोलवटला, चष्मा चिखलात. म्हैस जागची हललीही नाही. त्या उठल्या, चष्मा पुसला, पट्टीपाशी पोचल्या तेव्हा आठ वाजून बारा मिनिटं झाली होती.

त्यांनी वहीत आठ-बारा लिहिलं. दुसरा उशीर. आता एकच उरला होता.

त्या तिथून ऑफिसात गेल्या नाहीत, घरी गेल्या नाहीत. चिखलानं भरलेली सायकल दामटत थेट बारक्याच्या दुकानात आल्या आणि सायकल त्याच्या अंगावरच ढकलली.

"पाठ आहे म्हणे! पाठ आहे! घे तुझं पाठांतर!"

"ताई, रक्त येतंय तुझ्या..."

"येऊ दे! आधी माप घे माझं. जसं सगळ्या जगाचं घेतोस तसं घे!"

बारक्याची माप घ्यायची एक रीत होती. गिऱ्हाइकानं बूट काढून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. त्याच्या दुकानात जाड पुठ्ठ्याचं एक जुनं पुस्तक होतं, ते ज्याचं त्यानं दोन पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर धरायचं, आणि बारक्या पुस्तकाच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची खूण करायचा. मग उंची, मग हात. ती भिंत खुणांनी भरून गेली होती. गावातल्या प्रत्येक सायकलवाल्याची रेघ तिथे होती. डॉक्टरची, पाववाल्याची, शाळेच्या घंटेवाल्याची. सख्ख्या बहिणीची नव्हती.

पट्टीबाई उभ्या राहिल्या. त्यानं खूण केली, फीत लावली, आणि पुन्हा लावली.

"एकशे एकोणपन्नास आणि अर्धा," तो म्हणाला.

"मग तू किती धरली होतीस?"

"साठ."

"एकशे साठ?" पट्टीबाई किंचाळल्या. "मी जन्मात कधी एकशे साठ नव्हते!"

तो फीत तशीच उचलून हाताचं माप घेऊ लागला. डावा झाला. उजवा घेताना थांबला, फीत काढून खांद्यावर हात ठेवून चाचपलं. उजवा खांदा आत आलेला होता, चांगला दोन सेंटीमीटर.

"हे काय आहे?"

"गळ्याचं हाड मोडलं होतं. वाकडं जुळलं."

"कधी?"

"नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षांपूर्वी तू न्हाणीघरात घसरली होतीस. मुका मार लागलाय म्हणालीस."

"तुझ्या सायकलीवरून पडले होते. पंपघराच्या उतारावर. तेव्हाही ब्रेकपर्यंत बोटं पोचली नव्हती. तुला सांगितलं असतं तर तू सायकल काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं!" पट्टीबाईंनी त्याचा हात झटकला. "पण तू आला होतास ना बघायला? दहा मिनिटं बसलास, चहा प्यायलास, शर्यतीच्या गप्पा मारल्यास. माझा हात गळ्यात बांधलेला होता, बारक्या. मुका मार लागलेल्याचा हात गळ्यात बांधतात का? गावातल्या पाववाल्याचा गुडघा किती वाकतो ते तुला माहीत आहे, आणि माझं मोडलेलं हाड नाही दिसलं?"

बारक्या स्टुलावर बसला. हातातली फीत गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

"माझ्या डोक्यात तू उंच आहेस, ताई," तो म्हणाला. "मला सायकल शिकवताना तू मागून सीट धरून पळायचीस. मी मागे वळून बघायचो तर तू अशी... वर दिसायचीस. अजूनही मला तूच मोठी दिसतेस. खरंच सांगतो, मागवताना मी विचारच नाही केला."

"तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, गाढवा!"

दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही पट्टीबाईंना राग आला. "रडवू नकोस मला. तुझं ते डोक्यातलं राहू दे तुझ्या डोक्यात. मला माझ्या मापाची सायकल दे. एकच उशीर उरलाय."

"आठ दिवस लागतील. इतकं लहान माप इथे कुणी ठेवत नाही."

"आणि उद्या सकाळी सहाला माझ्याबरोबर बांधावर चल. न बघितलेल्या रस्त्याची सायकल मागवतोस, लाज नाही वाटत?"

पट्टीबाईंनी आठ दिवसांची रजा टाकली. हाड मोडलं तेव्हानंतरची पहिली मोठी रजा. धाकट्या साहेबांनी इतक्या आनंदानं सही केली, की पट्टीबाईंना ते पेन त्यांच्या हातातून काढून घ्यावंसं वाटलं. नदीवर जीपवाला जाऊ लागला, म्हणजे पुलावर.

बारक्या सकाळी आला, स्वतःच्या चकचकीत रेसच्या सायकलीवर. पट्टीबाई जाड सायकलीवर. डांबरावर तो पुढे, दर वळणावर थांबून "येतेस ना?" विचारणारा. बांधावर पहिल्याच किलोमीटरला त्याचं पुढचं चाक फुसकलं, तिसऱ्याला मागचं. उरलेली वाट सायकल खांद्यावर घेऊन तो चालला, समोरून वारा, पायाला चिखलाचे गोळे. पट्टीबाई पुढे जाऊन दर वळणावर थांबत आणि विचारत, "येतोस ना?" त्यात त्यांना जो आनंद झाला तो त्यांनी लपवला नाही.

पट्टीपाशी पोचल्यावर बारक्या खाली बसला आणि जाड सायकलीच्या चाकाजवळ डोकं घालून बराच वेळ बघत राहिला. "ही माती चिकट आहे," तो म्हणाला. "वाटेल, चाळीसहूनही जाड टायर घालावा. नको. चाळीसचाच घालू, पण पंचेचाळीस मावेल अशा सायकलीत. मध्ये जागा राहिली तरच माती निघून जाईल, नाहीतर चाक अडकेल. आणि ताई, वाऱ्याचं तुझं बरोबर आहे. इथे सरळ हँडल म्हणजे छळ आहे."

"हे मी महिनाभर सांगतेय."

"हो. आणि हँडल अरुंद घेऊ, तुझ्या खांद्याएवढं. खालची टोकं थोडी बाहेर पसरलेली, म्हणजे उतारावर सायकल हलणार नाही. ब्रेकची दांडी बोटांजवळ आणायला आत एक बारीक स्क्रू असतो."

"असा स्क्रू असतो?"

"असतो."

"आणि तो तू कधीच फिरवला नाहीस."

पट्टीबाईंनी घड्याळ पाहिलं, आठ झाले होते. रजेवर असूनही त्यांनी पट्टी वाचली: तीन मीटर पंधरा. सवय म्हणून स्वतःच्या वहीत लिहूनही ठेवलं.

रजेच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांनी जीपवाल्याची पानं काढून पाहिली. आठही दिवस दोन-चाळीस. रोज न चुकता दोन-चाळीस! नदी जणू काही त्याच्यासाठी श्वास रोखून उभी होती. पट्टीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी दोन्ही वह्या धाकट्या साहेबांच्या टेबलावर आपटल्या.

"या दिवशी मी तिथे उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर तीन-पंधरा होतं. हा दोन-चाळीस लिहितो. पाऊण मीटर पाणी कुठे गेलं, साहेब? याच्या खिशात?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. जीपवाल्याला बोलावतो म्हणाले, खालच्या धरणाला कळवतो म्हणाले. मग मधाचा आवाज टाकून, पहिल्यांदाच सरळ बोलले. "फेरी तुमची. पण बाई, नियम वरचा आहे, माझा नाही. तुम्ही वेळेवर पोचलात तरच मी काही करू शकतो. तिसरा उशीर झाला तर माझे हात बांधलेले आहेत."

"तुम्ही तुमचे हात सांभाळा. मी आठ सांभाळते."

बोलून तर गेल्या. पण त्या संध्याकाळी सायकल घरी येईपर्यंत त्या दहादा दारात जाऊन आल्या. मातकट रंगाची, दिसायला काही खास नाही. बारक्यानं त्यांना तीनदा बसवलं, तीनदा उतरवलं, सीट केसभर खाली, हँडल केसभर वर. प्रत्येक वेळी फीत लावली. "दुखतं का?" एवढंच विचारत होता. आणि उत्तर येईपर्यंत थांबत होता.

सकाळी सहा पस्तीसला पट्टीबाई निघाल्या. ढग दाटलेले, समोरून वारा. डांबर संपलं, पंपघराची पाटी मागे गेली, चाकं न थांबता मातीवर उतरली. त्यांनी हात खाली नेले, वाकल्या. वारा डोक्यावरून गेला. उतारावर दोन बोटांनी ब्रेक दाबला आणि सायकल गुपचूप थांबली. इतकी गुपचूप, की त्यांनी तो उगीचच पुन्हा एकदा दाबून पाहिला.

पट्टीपाशी उतरल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. सात सदतीस. बंद पडलं असेल म्हणून कानाला लावलं. मग फोनवर पाहिलं. सात सदतीस.

वाट बघत त्या तिथल्या दगडावर बसल्या आणि नेहमीच्या सवयीनं मान चोळायला हात मागे नेला. मान दुखत नव्हती. मनगट फिरवून पाहिलं. तेही नाही. खांदाही नाही.

आणि मग त्यांना असा राग आला, की त्या विक्रेत्याचा, साहेबांचा, जीपवाल्याचा, सगळ्यांचा मिळून आलेला राग त्याच्यापुढे काहीच नव्हता. बावीस वर्षं. डॉक्टर म्हणाला वजन कमी करा. नवरा म्हणाला वय झालं. शेजारणी म्हणाल्या बाईच्या जातीला दुखणं असतंच. त्या स्वतःही म्हणाल्या, काम आहे, दुखणारच. बावीस वर्षं रोज संध्याकाळी मलम, कुशीवर वळताना कण्हणं, मोडकं हाड. आणि ते सगळं दुसऱ्याच्या मापाच्या सायकलीपायी! चार लोखंडी नळ्या आणि एक स्क्रू!

ओरडायला तिथे नदीशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"पोचलीस?" बारक्याचा आवाज घाबरा होता. "ताई? उशीर झाला का?"

"तेवीस मिनिटं आधी पोचलेय."

"अगं मग बोल की तसं! मला वाटलं..."

"काहीच दुखत नाहीये, बारक्या."

"चांगलंय ना मग?"

"चांगलंय?" पट्टीबाईंचा आवाज फाटला. "इतकं सोपं होतं? एक पुस्तक, एक पेन्सिल आणि दहा मिनिटं? आधी का नाही रे मोजलंस मला? का नाही मोजलंस?"

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "किती वाजले तिथे?"

"सात चाळीस."

"मग वीस मिनिटं आहेत तुझ्याकडे. बोल. सगळं बोल. मी ऐकतोय."

पट्टीबाई बोलल्या. पडले तेव्हाचं बोलल्या, अर्जांचं बोलल्या, लहानपणी वडिलांनी सायकल फक्त त्याला घेतली तेव्हाचंही बोलल्या. रडल्या, ओरडल्या, दोनदा त्याला गाढव म्हणाल्या. तो मधे एकदाही बोलला नाही. आठला एक मिनिट कमी असताना त्यांनी फोन ठेवला, ओढणीनं चष्मा पुसला आणि पट्टी वाचायला पाण्याशी जाऊन उभ्या राहिल्या.